गोळी, नळी आणि मधली फट : बागबाजार ते दमदम

दरवर्षी १८ मार्च रोजी देशभरातील दारूगोळा कारखान्यांत आयुध निर्माणी दिन पाळला जातो. १८०२ साली याच तारखेला कोलकात्याच्या उत्तरेस काशीपूर येथे तोफगाड्यांच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले, म्हणून ही तारीख. त्या दिवशी बातम्यांमधून नव्या तोफांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. ज्या प्रश्नाने या सगळ्या उद्योगाला दोन शतके छळले, त्याचे छायाचित्र मात्र काढता येत नाही, कारण तो प्रश्न एका फटीचा आहे. गोळी आणि ती जिच्यातून सुटते ती नळी, यांच्यात किती मोकळीक असावी? उत्तर मिलिमीटरच्या अंशांत द्यायचे असते. हे अंश चुकले तर काय घडते, याचा एक मोठा धडा काशीपूर, दमदम आणि बागबाजार या जवळजवळच्या तीन ठिकाणांच्या इतिहासात लिहिलेला आहे.

बागबाजारपासून सुरुवात करण्यास मराठी वाचकासाठी वेगळे कारण आहे. हुगळीच्या काठावरील या वस्तीत आजही ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ बंगालमध्ये शिरले, तेव्हा घाबरलेल्या कोलकातावासीयांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणण्याची परवानगी मागितली. मराठी ‘बारगीर’ या शब्दावरून बंगालीत रूढ झालेला ‘बर्गी’ हा शब्द याच काळाचा. सात मैलांचा खंदक योजला होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल झाला आणि काम थांबले. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. खंदकाचे उत्तरेकडील टोक बागबाजारला होते.

त्याच १७४२ साली लंडनमध्ये बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाचे ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोळीचा वेग मोजण्याची पहिली विश्वासार्ह रीत त्यात होती. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडायची, ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचे आणि संवेगाच्या अक्षय्यतेवरून गोळीचा वेग काढायचा. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत शिकवला जाणारा ‘बॅलिस्टिक पेंड्युलम’ तो हाच. या मोजमापातून मस्केटच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे पाचशे मीटर निघाला आणि अशा वेगांना हवेचा विरोध न्यूटनच्या नियमांवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठा असतो, हेही दिसले. लिओनार्ड ऑयलरने १७४५ मध्ये या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला आणि त्यावर स्वतःचे विस्तृत भाष्य जोडले.

रॉबिन्सचा शेवट भारतात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने तटबंदी सुधारण्यासाठी त्याला मुख्य अभियंता नेमले. १७५० मध्ये तो आला आणि २९ जुलै १७५१ रोजी कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला. त्या पदावर त्याच्यानंतर आलेल्या कर्नल कॅरोलाइन फ्रेडरिक स्कॉटने बागबाजारातील पेरिन यांची बाग ताब्यात घेऊन तेथे बंदुकीची दारू तयार करण्याची गिरणी चालवली. बागेच्या टोकाशी एक छोटी बुरुजवजा चौकी होती. १६ जून १७५६ रोजी सिराजउद्दौल्याच्या सैन्याने कोलकात्यावर पहिला हल्ला केला तो याच चौकीवर. तो परतवला गेला. सैन्य मग शहरात शिरले ते पूर्वेच्या बाजूने, जिथे बर्गींच्या भीतीने आरंभलेला खंदक अपुरा राहिला होता. चार दिवसांनी फोर्ट विल्यम पडला.

खंदकातील फट जशी शहराला महाग पडली, तशी नळीतील फट बंदुकीला महाग पडते. त्या काळच्या ब्रिटिश मस्केटच्या नळीचा व्यास ०.७५ इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर, आणि शिशाच्या गोळीचा व्यास सुमारे ०.६९ इंच, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. वर्तुळांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले तर नळीच्या छेदाचा जवळजवळ १५ टक्के भाग मोकळाच राहतो. पेटलेल्या दारूचा वायू या वाटेने गोळीला मागे टाकून निघून जातो. गोळी नळीत भिंतीवरून भिंतीवर आपटत पुढे सरकते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याच्या उलट दिशेला, शिवाय स्वतःभोवती कोणत्या तरी अक्षावर फिरत, बाहेर पडते. वूलिच येथील गणिताचे प्राध्यापक चार्ल्स हटन यांनी रॉबिन्सचे प्रयोग तोफांवर पुढे नेले. मोकळीक व्यासाच्या अवघी विसाव्या भागाइतकी असली तरी दारूच्या बळाचा पाव ते एकतृतीयांश हिस्सा वाया जातो, असे त्यांना आढळले. मोकळे क्षेत्र दहा टक्क्यांहूनही कमी आणि नुकसान त्याच्या अडीच-तीनपट! कारण वायू गोळीपेक्षा हलका असतो. वाट मिळाली की गोळीच्या आधी तोच निसटतो.

तर मग गोळी घट्ट का करू नये? कारण बंदूक ठासणीची होती. गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने तळापर्यंत ठासावी लागे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घन उरतो. दहा-पंधरा बारांनंतर या किटाचा थर नळीला आतून चढतो. थंड, दमट हवेत हे क्षार ओल शोषून मऊ राहतात. उत्तर हिंदुस्थानातील वैशाखात ते वाळून कडक होतात. पहिल्या बाराला सहज गेलेली गोळी विसाव्या बाराला गजावर हातोडा मारूनही जात नाही. म्हणजे अचूकतेला घट्ट गोळी हवी आणि ठासण्याला सैल.

नळीच्या आत पेचदार खाचा पाडून गोळीला फिरकी दिली की ती सरळ जाते, हे रॉबिन्सलाही ठाऊक होते. मात्र खाचांमध्ये रुतायला गोळी नळीहून किंचित मोठीच हवी. म्हणून रायफल हे शिकाऱ्यांचे आणि निवडक तुकड्यांचे हत्यार राहिले. सर्वसाधारण शिपायाच्या हाती गुळगुळीत नळीची मस्केटच होती.

कोंडी फोडण्याच्या कल्पनेचा एक धागा भारतातूनच गेला, असे सांगितले जाते. दक्षिण भारतात असताना जॉन नॉर्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने फुंकनळीतील बाण पाहिला. त्याच्या बुडाशी लवचीक भेंडासारखा गाभा होता. फुंकर बसताच तो फुगून नळी बंद करी, हवा निसटत नसे. त्यावरून १८२३ मध्ये नॉर्टनने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी सुचवली. इंग्लंडमधील विल्यम ग्रीनर यांनी १८३६ मध्ये फुगणाऱ्या गोळीची आपली रचना मांडली. सरकारने दोन्ही नाकारल्या. फ्रेंच कॅप्टन क्लोद-एत्येन मिनिए यांनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस तीच कल्पना पूर्णत्वास नेली, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यांना २० हजार पौंड दिले. ग्रीनर यांना पुढे एक हजार मिळाले.

यामागचे भौतिकशास्त्र सुंदर आहे. शुद्ध शिसे इतके मऊ असते की काही मेगापास्कल दाबाला ते कायमचा आकार बदलू लागते. नळीतील दाब त्याच्या कितीतरी पट असतो. गोळी सैल ठासायची. बार उडताच वायू पोकळ बुडात शिरून शिशाची भिंत बाहेर ढकलतो आणि गोळी त्याच क्षणी नळीच्या मापाची होते. ठासताना सैल, सुटताना घट्ट. जी शक्ती फटीतून पळून जात होती, तिलाच फट बुजवण्याच्या कामाला लावण्यात आले.

१८५३ची एन्फील्ड रायफल या तत्त्वावर उभी होती. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा ०.५६८ इंच. फरक ०.००९ इंच, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. गोळी मधोमध धरली तर प्रत्येक बाजूला माणसाच्या केसाच्या जाडीहून थोडी अधिक जागा. ही जागा भरण्यासाठी गोळीभोवती काडतुसाच्याच कागदाचे वेष्टन ठेवले आणि वेष्टन घसरावे, कीट मऊ राहावे म्हणून त्याला बाहेरून वंगण लावले. या वंगणात चरबी होती.

इंग्लंडच्या हवेत सर्व ठीक चालले. दमदमला तेच माप वेगळे वागू लागले. १७८३ ते १८५३ या काळात बंगाल तोफखान्याचे केंद्र राहिलेल्या या छावणीत, तसेच अंबाला आणि सियालकोट येथे, १८५७च्या आरंभी नव्या रायफलीचे शिक्षण सुरू झाले. त्या जानेवारीत एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. नकार मिळताच तो म्हणाला की लवकरच तुम्हाला गाई-डुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडावी लागतील, मग ही सोवळी कोठे राहणार? २२ जानेवारी रोजी दमदमच्या अधिकाऱ्याने ही चलबिचल वरिष्ठांना कळवली. काडतुसांची ही वार्ता पुढे किती लांबवर पोहोचली हे मराठी वाचकाला विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे ठाऊक आहे.

तांत्रिक अंगाने पाहिले तर अभियंत्याकडे उत्तर होते. काडतुसाचे दातांनी तोडायचे टोक दारूच्या बाजूचे. वंगण विरुद्ध टोकाला, गोळीच्या बाजूला. शिवाय शिपायांना स्वतःचे तूप किंवा मेण वापरण्याची मुभा लगोलग देण्यात आली आणि पुढे काडतूस बोटांनी फाडण्याची कवायतही आखली गेली. पण चरबी चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास वितळते. हिंदुस्थानातील उन्हाळ्यात गठ्ठ्यात बांधलेल्या काडतुसांचा कागद तिला शोषून घेणार, हे कागदाचा गुणधर्म जाणणाऱ्या कोणालाही कळले असते. चरबी कोणत्या जनावराची, या प्रश्नाला तर सरकारकडे ठाम उत्तरच नव्हते. ते विचारण्याची गरज कोणाला भासली नव्हती.

एकदा विश्वास गेला की माप कितीही बरोबर असले तरी उपयोग नसतो. २६ फेब्रुवारी रोजी बहरामपूर येथे १९व्या पलटणीने दुसऱ्या दिवशीच्या कवायतीसाठी टोप्या घेण्यास नकार दिला. त्यांना मिळणार होती ती काडतुसे एन्फील्डची नव्हतीच. ती जुन्याच मस्केटची होती आणि त्यांत गोळीही नव्हती. पण गठ्ठ्यांत दोन रंगांचे कागद दिसले आणि शंकेला तेवढे पुरले. २९ मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. अवधचे खालसा होणे, महसुलाचा जाच, समुद्रापार नोकरीची नवी सक्ती अशी कारणे आधीपासून साचली होती. १८५७चा उठाव काडतुसांनी घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही ठिणगी पडायला जी जागा लागली, ती नळी आणि गोळी यांच्यातील त्या पाव मिलिमीटरमध्ये होती.

पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. त्याच युद्धात स्वतः ब्रिटिश सैनिकांनाही एन्फील्ड ठासणे उन्हाळ्यात दुष्कर झाले. या अनुभवानंतर गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंचांवर आणला गेला. मोकळे क्षेत्र सुमारे तीन टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर गेले, म्हणजे तिप्पट झाले. अचूकता ढासळू नये म्हणून गोळीच्या पोकळ बुडात आधी लाकडाची आणि पुढे भाजलेल्या मातीची खुंटी बसवली. बार उडताच ती पाचरीसारखी आत घुसून शिसे फुगवी. वंगण मुख्यतः मधमाश्यांच्या मेणाचे झाले. मेण वितळते ते बासष्ट-चौसष्ट अंशांना, म्हणून ते कागदात मुरत नाही. आणि चरबीतील आम्लांमुळे शिशाचा पृष्ठभाग खराब होतो, तो त्रासही टळला. थोडक्यात, सैल गोळी आणि मेण हा तोडगा तांत्रिक कसोटीवरच अधिक चांगला ठरला. हा बदल चार वर्षे आधी, दमदमच्या उन्हात शंभर बार काढून पाहिल्यावर सुचला असता, तर चरबीचा प्रश्न उद्भवलाच नसता.

याच काळात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि अॅडम्स यांची रिव्हॉल्व्हरे होती. त्यांच्यात हाच प्रश्न दुहेरी झाला. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नळीत भरत नाहीत. ती फिरत्या चक्राच्या खणात बसते, खणाच्या पुढच्या गळ्यातून जाते, एक बारीक मोकळी जागा ओलांडते आणि मग नळीत शिरते. त्यामुळे तिला दोन मापांशी जुळवून घ्यावे लागते. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये युक्ती सोपी होती : गोळी खणाहून किंचित मोठी घ्यायची आणि दाबपट्टीने आत रेटायची. शिशाचे बारीक कडे सोलून निघे आणि खण बंद होई. पितळी काडतुसे आल्यावर ही सोय संपली. गोळी कारखान्यात ठरलेल्या मापाने येऊ लागली आणि गळा कमी-जास्त असेल तर दोष उघडा पडू लागला.

गळा नळीहून अरुंद असेल तर गोळी आधी दाबली जाते आणि मग नळीत सैल पडते. १८८७ पासून ब्रिटिश सैन्यात आलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी पोकळ बुडाची शिशाची गोळी होती. दाबली गेली तरी ती पुन्हा फुगू शके. मिनिएचीच कल्पना, छोट्या आकारात. गळा रुंद असेल तर उलट घडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ०.४५ इंची काडतुसासाठी बनलेल्या काही अमेरिकी रिव्हॉल्व्हरांत नळीचे माप ०.४५२ इंच, तर गळ्याचे ०.४५६ इंचांपर्यंत आढळते. जुन्या रुंद नळीसाठी ठरलेला गळा तसाच राहिला आणि नळी मात्र अरुंद झाली. नळीच्या मापाची गोळी अशा गळ्यात कलते, तिच्या कडेने तप्त वायू निसटतो, शिसे वितळून नळीला चिकटते आणि नेम बिघडतो.

येथे ओतीव गोळीचे माप नळीवरून न ठरवता गळ्यावरून ठरवतात. कारण सोपे आहे, पण त्यात एक मूलभूत असमानता दडलेली आहे. मोठी गोळी नळीत शिरताना दाबून लहान करण्याचे काम नळी स्वतःच करते; शिशाला ०.१ मिलिमीटर आकसणे जड नाही. लहान गोळीला मोठे करणारी भिंत मात्र अस्तित्वात नाही. ते काम फक्त वायूचा दाब करू शकतो आणि तेही शिसे पुरेसे मऊ असेल, दाब पुरेसा असेल आणि तो वेळेवर मिळेल, तरच. कथिल आणि अँटिमनी मिसळून शिसे कडक केले की ते चिकटत नाही, पण फुगतही नाही. अशा गोळीचे माप आधीच बरोबर असावे लागते. सहनशील पदार्थ मोजणीतील चूक पदरात घेतो, कठीण पदार्थ घेत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली. वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या पुढे गेले आणि उघडे शिसे खाचांमधून खरडून निघू लागले. शिशावर निकेलमिश्रित तांब्याचे कवच चढले. या कवचाचे टोक उघडे ठेवून लक्ष्यावर फुगणारी गोळी कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी दमदमच्याच शस्त्रागारात १८९६च्या सुमारास घडवली. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्यांवर बंदी घातली, पण ‘दमदम’ हे नाव जगाच्या शब्दकोशांत राहून गेले. शिशाने फुगावे ते नळीत की माणसाच्या शरीरात, या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्र देत नाही. ते जगाला एकत्र बसून द्यावे लागले.

कवच आल्यावर फट बुजवण्याची जबाबदारी शिशाकडून मोजपट्टीकडे गेली. गोळी आता नळीशी जुळवून घेणार नव्हती. प्रत्येक नळी आणि प्रत्येक गोळी कारखान्यातच ठरलेल्या मर्यादेत बसली पाहिजे. १८६९ मध्ये सुरू झालेला पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा इच्छापूरचा रायफल कारखाना हे या नव्या शिस्तीचे वारसदार. ‘जावे’ आणि ‘जाऊ नये’ अशा दोन टोकांच्या गेजने प्रत्येक नग तपासणारा तेथील कामगार रॉबिन्स आणि हटन यांच्या प्रश्नाला रोज उत्तर देत असतो.

मराठा खंदक टप्प्याटप्प्याने बुजवला गेला. १७९९ मध्ये त्याच्या मोठ्या भागावर सर्क्युलर रोड झाला आणि पेरिन यांच्या बागेची खूण पुसली गेली. दमदमला आज लोक विमान पकडायला जातात. पण तेथे शिकायला मिळालेली गोष्ट प्रत्येक प्रयोगशाळेत लागू आहे. यंत्र ज्या हवेत चालणार आहे तेथेच तपासावे लागते आणि ज्या हातांनी चालणार आहे त्यांना आधी विचारावे लागते. एन्फील्डच्या रचनाकारांनी नळीचे माप इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत घेतले होते. काडतूस ज्या तोंडाने फोडायचे होते, त्या तोंडाच्या माणसाला मात्र कोणी काही विचारले नव्हते.